सासऱ्यांचे खोके आणि सुनेचा कोपरा

भर उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, काचेच्या आत बसून कापसाचा बर्फ चिकटवणारी बाई म्हणजे ही. कपड्यांचं मोठं तीन मजली दुकान, त्याच्या तोंडाशी दोन भल्यामोठ्या काचा, आणि त्या काचांच्या आत ऋतू आणून बसवायचे हे तिचं काम. दुकानात ऋतू नेहमी आधी येतो. बाहेर माणसं घाम पुसत चालली असतात तेव्हा आतले पुतळे गळ्याला लोकरी पट्टे गुंडाळून उभे. बाहेर हुडहुडी भरली की आतले पुतळे बिनबाह्यांचे झगे घालून कागदी फुलांच्या ताटव्यात. थर्माकोलचे डोंगर, स्पंजची हिरवळ, तारेला टांगलेले पक्षी, चमचमणारी पानं, हे सगळं चढवायचं आणि उतरवायचं. फरशी मळू नये म्हणून पायात मोजे, आणि ओठांत टाचण्यांची रांग. टाचण्यांमुळे कामावर बोलायची सोय नव्हती, आणि वर्षानुवर्षं दिवसभर गप्प राहिलेलं माणूस घरी आल्यावर काही एकदम पोपटासारखं बोलायला लागत नाही. शाळेतून परतणारी पोरं काचेवर टकटक करायची, तिनं मान वळवली की पुतळा हलला म्हणून किंचाळत पळायची. त्यांनीच तिचं नाव पाडलं: काचेतली बाई. ते नाव आधी दुकानात शिरलं, मग तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

आता अशा बाईचं घर कसं असेल, असं कुणालाही वाटेल. लोकांना वाटायचं, भिंती दिसत नसतील. प्रत्यक्षात तिच्या घरी भिंतींशिवाय काही दिसत नसे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, दोन खुर्च्या, एक सतरंजी, आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात लाकडी तिवई. त्या तिवईवर दर ऋतूला एक वस्तू. एकच. उन्हाळ्यात पांढऱ्या कल्हईचं एक पसरट भांडं, त्यात काठोकाठ पाणी. पावसात हिरव्या बाटलीत गवताची एक काडी. थंडीत एक घडी घातलेलं तांबडं पांघरूण. पडद्यांचे दोन जोड, एक जाड, एक पातळ, ते हवेप्रमाणे बदलायचे. झाली सजावट. दिवसभर दुसऱ्यांसाठी ऋतू खच्चून भरून आल्यावर घरी तिला एवढाच ऋतू पुरायचा.

लोकांना ते पटत नसे. समोर राहणाऱ्या काकू पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं की बाकीचं सामान कधी येणार आहे. वर्षभरानं पुन्हा आल्या तेव्हा हळूच विचारलं की सामान आधीच पाठवलंत का, कुठे बदली झाली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा काही न विचारता एक फुलदाणी देऊन गेल्या. ती फुलदाणी बाईनं स्वयंपाकघरात लाटणी उभी करायला वापरली.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. गावातल्या साऱ्या दंतवैद्यांचे साचे त्याच्या टेबलावर येत, आणि तो दिवसभर कुणाचे तरी दात घासून-पुसून बसवत असे. लग्न ठरताना त्यानं आधी मुलीचे दात पाहिले आणि मग होकार दिला, असं त्याचे मित्र सांगत. म्हणजे बाजारात घोडा पाहावा तसं नव्हे. एका कारागिरानं दुसऱ्याचं चोख काम पाहावं, तसं. स्वभावानं गरीब गाय. रिकाम्या खोलीबद्दल त्याची एकच तक्रार होती, की काही शोधायचं झालं तर सबब सांगायला जागा उरत नाही.

असं हे दोघांचं सुरळीत चाललं होतं, आणि एका उन्हाळ्यात सासरे आले.

सासरे दुसऱ्या गावी एकटे राहत. आयुष्यभर एका कारखान्याच्या भांडारात भांडारपाल. नट, बोल्ट, पट्टे, रबरी कड्या यांच्यावर ते डोळ्यांत तेल घालून बसत, आणि कुणी काही फेकायला निघालं की म्हणत, ‘असू दे, लागेल.’ कारखाना सुटला, पण ‘असू दे, लागेल’ काही सुटलं नाही. त्या उन्हाळ्यात ते स्टुलावर चढून माळ्यावरचा एक खोका काढत होते. खोका आला आणि सासरेही आले, आधी खोका की आधी सासरे हे नीट कळलं नाही, पण उजवं मनगट मोडलं. मुलगा धावत गेला. प्लास्टर निघेपर्यंत आमच्याकडे चला म्हणाला. सासरे तयार झाले, फक्त म्हणाले, थोडं सामान बरोबर घेतो.

थोडं सामान टेम्पोतून आलं. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, आणि सासरे ड्रायव्हरशेजारी बसून मागे वळून वळून खोक्यांवर नजर ठेवून. खोके आत आले. आतली खोली भरली, मग दिवाणाखालची जागा भरली, मग उरलेले स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले, पाहुण्यांनी पंगतीची वाट पाहावी तसे. नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी ती काही बोलली नाही. ‘चहा ठेवते,’ एवढंच म्हणाली, आणि एका खोक्याला वळसा घालून गेली.

पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी ती कामावरून आली तर तिवईवरच्या पाण्याच्या भांड्याखाली क्रोशानं विणलेला एक गोल रुमाल होता. झालरीचा, गुलाबी. तिनं भांडं उचललं, रुमाल काढला, घडी घातली आणि सासऱ्यांच्या खोक्यावर ठेवून दिला. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी रुमाल परत जागेवर, आणि पाण्यात एक प्लास्टिकचं कमळ. तिनं दोन्ही काढली. तिसऱ्या दिवशी रुमाल, कमळ, आणि काठावर दोन चिनी मातीचे हंस, एकमेकांकडे पाठ करून. तिनं ते काढले. चौथ्या दिवशी हंस नव्हते, पण खिडकीला मण्यांची माळ होती. सासऱ्यांचा उजवा हात गळ्यात, तरी डाव्या हातानं एवढी कामं कशी उरकतात याचं नवऱ्याला कौतुक वाटायला लागलं होतं. ते त्यानं बोलून दाखवलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो सरळ जिन्यात जाऊन उभा राहायचा आणि कुणी भेटलं की त्याच्या दातांची चौकशी करायचा.

गंमत अशी की घरात एक शब्द वाकडा गेला नाही. सून वेळेवर ताट वाढत होती, सासरे पानात काही टाकत नव्हते. औषधाची वेळ ती चुकवत नव्हती, आणि ते तिचं नाव घेऊन शेजारी गुणगान करत होते. फक्त ती घराबाहेर पडली की तिवई भरायची, आणि ती घरात आली की तिवई रिकामी व्हायची. अळीमिळी गुपचिळी. समोरच्या काकूंना याचा सुगावा लागला होता. त्या दुपारी डोकावून आज काय मांडलंय ते बघून जात, आणि संध्याकाळी काय उरलंय तेही.

बाईच्या मनात मात्र धग साठत चालली होती. तिला वाटायचं, दिवसभर जे करून विटते तेच घरी माझी वाट पाहत बसलेलं असतं. आणि बाजारातून आणलेल्या या प्लास्टिकच्या पसाऱ्यात या माणसाचा जीव तरी कसा रमतो? प्लास्टर निघायला अजून बरेच दिवस होते. ती नवऱ्याला म्हणाली की तुम्हीच एकदा बोला बाबांशी. नवरा म्हणाला, बोलतो. आणि दुसऱ्या दिवशी वडिलांशी त्यांच्या दाढेबद्दल बराच वेळ बोलला.

मग एक दिवस दुकानात रंगाच्या वासानं तिचं डोकं चढलं. मालकानं घरी जायला सांगितलं. भर दुपारी ती घरी आली, किल्लीनं दार उघडलं. सासरे खाली सतरंजीवर बसले होते. समोर एक खोका उघडा. एक चुरगळलेला रुमाल त्यांनी मांडीवर पसरला होता, आणि डाव्या तळव्यानं दाबून दाबून त्याच्या सुरकुत्या काढत होते. इस्त्री करता येत नव्हती ना. ती आलेली पाहून त्यांनी रुमाल चटकन मांडीखाली घेतला, साखर खाताना पकडलेल्या पोरासारखं.

ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्यांच्यासमोरच सतरंजीवर बसली. वरती छतावर भांड्यातल्या पाण्याचा कवडसा हलत होता. दोघंही तो बघत बसली.

‘हे हिनं विणलंय,’ सासरे शेवटी म्हणाले.

‘ही’ म्हणजे सासूबाई. त्या या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. सुनेला त्या फक्त फोटोतून माहीत होत्या: बारीक चणीच्या, कॅमेऱ्याकडे न बघता काहीतरी न्याहाळणाऱ्या. बाजारातला म्हणून ज्या रुमालाची रोज घडी घातली, त्याच्या कडेचा एकेक टाका तिनं आता हातात घेऊन पाहिला. टाका सारखा होता. इतका सारखा टाका घालायला काय लागतं, ते तिला ठाऊक होतं.

सासऱ्यांनी सांगितलं, हे खोके सगळे तिचे. ऋतू पालटला की ती घर पालटायची. उशांचे अभ्रे, रुमाल, माळा, कापडी पक्षी, सगळं आपल्या हातचं. थंडीचा खोका निराळा, उन्हाळ्याचा निराळा. ती गेल्यावर त्यांना काय कधी लावायचं ते कळेना, म्हणून त्यांनी सगळंच कायमचं लावून टाकलं, आणि इकडे येताना ते काढून पुन्हा खोक्यांत भरून आणलं.

‘सगळं त्यांनी केलंय?’ तिनं विचारलं. ‘ते कमळसुद्धा?’

‘नाही. कमळ मी आणलं होतं.’ सासरे जरा अडखळले. ‘तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. पण बोलली नाही कधी. मी लावायचो, ती काढून ठेवायची. मी परत लावायचो.’ मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, ‘तू काढायला लागलीस ना, तेव्हा बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.’

यावर ती हसली. म्हणजे नुसती हसली नाही, डोकं दुखत असताना पोट धरून हसली. इकडे आपण दात-ओठ खात होतो, आणि हा माणूस रोज संध्याकाळी कमळ कधी काढलं जातंय याची पेपराआडून वाट पाहत होता. सासरे आधी गांगरले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता प्लास्टरचा हात दिवाणावर आपटून कळवळले.

त्या दुपारी करार झाला. पावसाळा तोंडावर आला होता. तिवईवरची पावसाळ्याची वस्तू बाबांनी निवडायची, त्यानंतरची तिनं, मग पुन्हा बाबांनी. तिच्या वस्तूला त्यांनी हात लावायचा नाही, त्यांच्या वस्तूला तिनं. आणि वस्तू एकच.

‘एकच?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘एकच. तिवई लहान आहे, बाबा.’

सासऱ्यांना वाटलं, यात काय अवघड. पण जन्मभर ज्यानं सांभाळायचंच काम केलं, त्याला निवडायला सांगणं म्हणजे आजीबाईंना आवडता नातू विचारण्यासारखं. त्यांनी पावसाळ्याचा खोका दिवाणावर पालथा केला. आता रोज सकाळी एकेका वस्तूची मुलाखत. हा अभ्रा चांगला, पण कडेला विटलाय. ही माळ हिची लाडकी, पण दोन मणी हरवलेत. नाकारलेल्या वस्तूला ते नुसतं बाजूला ठेवत नसत, तिची समजूतही घालत: तू पुढच्या वर्षी, तुझा नंबर नक्की. नवऱ्याला दुपारची डुलकी घ्यायला दिवाण मिळेना. तो कामावरच, दातांच्या साच्यांमध्ये डोकं टेकून झोपून येऊ लागला. दरम्यान प्लास्टर निघालं. आता परत कधी जायचं हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, पण सासरे निवडीच्या कामात इतके गुंतले होते की कुणालाच ते बरं दिसलं नाही.

शेवटी पाऊस सुरू झाला आणि निकाल लागला. ती संध्याकाळी भिजून आली, छत्री दारात ठेवली आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तिवईवर एक लोकरीचं बदक बसलं होतं.

असं बदक तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. रंग मोहरीचा म्हणावा तर तसाही नाही. मान एका बाजूला कललेली, जणू काही ऐकू येत नाहीये. एक डोळा म्हणजे छोटं पांढरं बटण, दुसरा मोठं काळं, चार भोकांचं. चोच उसवून पुन्हा शिवलेली, त्यामुळे ते कुत्सित हसल्यासारखं दिसे. सबंध खोक्यात एवढी सुबक कामं असताना यांनी हे निवडावं! पण दिलेला शब्द दिलेला. ती म्हणाली, छान आहे. तिच्या आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं असावं, कारण तिचा नवरा चमकून तिच्या दातांकडे बघायला लागला.

आता त्या खोलीत दुसरं काही नव्हतंच. येणारा माणूस दारातून आत आला की नजर कुठे टेकवणार? भिंत, भिंत, भिंत, बदक. समोरच्या काकू आल्या, चहा हातात घेतला, आणि तोंडाला लावण्याआधी म्हणाल्या, ‘हे काय आहे?’

आणि सासरे खुर्चीत पुढे सरकले.

त्यांनी सांगितलं, फार वर्षांपूर्वी अशाच एका पावसात त्यांच्या घराचं छत गळत होतं. ते कारखान्यात अडकले होते, घरी ही आणि लहानगा मुलगा. मुलगा गळणाऱ्या पाण्याला भिऊन रडत होता. मग हिनं घरात असेल ती लोकर काढली आणि त्याच्यासमोर बसून बदक विणलं, पाण्याला न भिणारं. लोकर पुरली नाही म्हणून मान आखूड. आत भरायला कापूस नव्हता म्हणून सासऱ्यांचे जुने मोजे. आणि दुसरा डोळा मिळेना तेव्हा त्यांच्या कोटाचं बटण तोडलं. तो कोट ते पुढची सगळी थंडी वरचं बटण नसलेला घालत होते, आणि साहेबांनी विचारलं की सांगत, एका बदकाला दिलंय.

काकूंचा चहा गार झाला. जाताना त्या बदकाजवळ गेल्या आणि वाकून दुसऱ्या डोळ्याकडे नीट बघून गेल्या.

मग ही बातमी पसरली. काकूंची बहीण आली, खालचा शिंपी आला, नवऱ्याच्या कामावरचा एक सहकारी कवळी द्यायच्या निमित्तानं आला. प्रत्येकाला चहा आणि बदक. सांगता सांगता गोष्टीलाही पाणी चढत गेलं. सुरुवातीला छत गळत होतं; पंधरवड्यात घरात घोटाभर पाणी आलं; पाऊस ओसरेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं आणि सासरे कारखान्यातून पोहत घरी आले होते. नवरा एकदा म्हणाला की बाबा, मी होतो की तिथे, मला पूर आठवत नाही. सासरे म्हणाले, तू झोपला होतास.

पाऊस संपत आला तेव्हा एका सकाळी सासरे सुनेला म्हणाले, ‘हे बदक आमच्याकडे कपाटावर असायचं. पुढे माळा, मागे माळा, शेजारी दहा पक्षी. इतक्या वर्षांत एकानं विचारलं नाही गं, हे काय आहे म्हणून.’

तिनं त्यांच्या कपात अर्धा कप चहा आणखी ओतला. आणि त्या दिवशी कामाला निघताना तिच्या लक्षात आलं की बदक आपल्याला खुपायचं थांबलंय. सुंदर वाटायला लागलं होतं असं नव्हे. पण कुणी ते हलवलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणी हलवलं म्हणून.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण थंडी आली आणि सासऱ्यांना रिकाम्या खोलीची चटक लागली.

एक वस्तू असली की लोक विचारतात, हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, आणि भांडारपाल जागा झाला. त्यांनी खोके उपसायला काढले. अभ्रे काकूंकडे, माळा काकूंच्या बहिणीकडे, चिनी मातीचे हंस शिंप्याच्या दुकानात. फुकट नव्हे, प्रत्येक वस्तूबरोबर तिची गोष्ट ऐकून घ्यावी लागे, आणि बजावून सांगत, एकटी ठेवा, गर्दीत ठेवलीत तर परत घेऊन जाईन. तसे ते खरंच तपासायला जात. शिंप्यानं हंसांच्या मध्ये सुताचं रीळ ठेवलं तर ते रीळ उचलून त्याच्या हातात देऊन आले.

खोके संपले तेव्हा त्यांची नजर घराकडे वळली. दिवाणावरचा पेपर वाचून होताच नाहीसा. खुंटीवरची किल्ली खिशात. नवऱ्याचा चष्मा दोन मिनिटं टेकवला तर कपाटात. एक दिवस दोन खुर्च्यांतली एक गायब झाली. चौकशी केल्यावर कळलं की ती शिंप्याच्या गिऱ्हाइकांना बसायला दिलीय, इथे तशीही एका वेळी एकच जण खुर्चीवर बसतो. एकच जण बसतो कारण दुसरी खुर्ची नाही, हे नवऱ्यानं त्यांना समजावून सांगितलं, सतरंजीवर बसून.

तिवईवरची थंडीची पाळी सुनेची होती. तिनं नेहमीचं तांबडं पांघरूण घडी घालून ठेवलं. सासऱ्यांनी हात मागे बांधून त्याला एक फेरी घातली. पांघरूण ठीक आहे म्हणाले, पण या टोकाला झालर कशाला? ती त्यांच्याकडे बघतच राहिली. गुलाबी झालरीचा रुमाल रोज मांडणारे हेच का ते! पुढे एकदा दुकानातल्या काचेतून उतरवलेला, उरलेला, सुरेख निळ्या कापडाचा तुकडा ती घरी घेऊन आली, तर सासरे दारातच उभे. पिशवीत काय आहे, त्यांनी विचारलं. मग विचारलं, हे राहणार कुठे? तिनं ते कापड मुकाट्यानं काकूंकडे ठेवलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या नवराबायकोला झालं. कधी नव्हे ती दोघं जिन्यात उभी राहून कुजबुजत बोलू लागली. काचेतल्या बाईला इतकं बोलताना पाहून शेजाऱ्यांना वाटलं, घरात मोठं भांडण झालंय.

थंडी सरली आणि झाडांची पानं गळायला लागली. पानगळीची पाळी सासऱ्यांची. खोके तर रिकामे, मग वस्तू आणायची कुठून? त्यांनी सुनेला म्हटलं, सुट्टीच्या दिवशी जरा लांब फिरायला जाऊ. दोघं सकाळी निघाली. गावाबाहेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुनी झाडं होती, आणि तारांना लागतात म्हणून नुकत्याच त्यांच्या फांद्या छाटल्या होत्या. रस्त्याच्या कडेला फांद्यांचा खच. सुनेला एक हातभर लांब, नाजूक वळणाची डहाळी आवडली. टोकाला एकच वाळकं पान. तिनं ती उचलून दाखवली. सासऱ्यांनी मान हलवली आणि पुढे चालत राहिले. मग एका ठिकाणी थांबले.

‘ही,’ ते म्हणाले.

तिनं त्यांच्या बोटाकडे पाहिलं. ती फांदी नव्हती, अर्धं झाड होतं. तिला उपफांद्या होत्या, त्यांना आणखी फाटे होते, आणि एका बेचक्यात रिकामं घरटं होतं.

‘बाबा, ही?’

‘का? एकच आहे.’

ती काही बोलणार होती, पण बोलणार काय? करारात आकाराबद्दल एक अक्षर नव्हतं. गुरूची विद्या गुरूला, ती अशी. तिनं नवऱ्याला फोन केला. तो स्कूटर घेऊन आला, फांदीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि स्कूटर तिथेच झाडाला टेकवून ठेवली. पुढे सासरे, मध्ये सून, शेंड्याला नवरा, अशी ती वरात गावातून निघाली. वळणावर रहदारी थांबली. एका बसच्या ड्रायव्हरनं विचारलं, कुठे लावायचंय हे? सासरे म्हणाले, घरात. शिंपी दुकान टाकून मदतीला आला, कारण जिन्याच्या वळणावर फांदी अडली. पुढे जाईना, मागे येईना, आणि वरचे वर, खालचे खाली. काकू दारातून सूचना देत होत्या. सासऱ्यांनी एकही डहाळी मोडू दिली नाही.

फांदी शेवटी आत गेली तेव्हा तिनं बाहेरची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत व्यापली. तिवई स्वयंपाकघरात न्यावी लागली. उरलेली खुर्ची गॅलरीत गेली. दिवाणावर झोपायचं तर एका फाट्याखालून सरपटत जायचं, आणि जेवायला बसलं की नवऱ्याच्या कानात एक काडी शिरायची. संध्याकाळी दिवा लावला तर भिंतींवर सावल्यांचं असं जंगल उभं राहिलं की बाई ताट हातात घेऊन दारातच थांबली. दुकानात इतकी वर्षं तारा आणि स्पंज लावून तिनं किती वेळा असलं काही उभं करायचा प्रयत्न केला होता, आणि एकदाही जमलं नव्हतं. तिनं ते सासऱ्यांना सांगितलं. एरवी गप्प राहणारी बाई, पण सांगितलं. सासरे भातावर आमटी कालवत होते, त्यांनी फक्त हुं केलं. पण त्यांचे कान लाल झाले.

जेवणं होत आली तेव्हा सासरे मुलाला म्हणाले, ‘तिकडचं घर भाड्यानं देऊन टाक. कुणी तरी राहील तरी. तिथे आता काही ठेवायचं उरलेलं नाही माझं.’

प्लास्टर निघाल्यापासून जो प्रश्न घरात कुणी तोंडातून काढला नव्हता, त्याचं हे उत्तर होतं. सून ताटाकडे बघत राहिली. नवऱ्याला भरून आलं, आणि वडिलांजवळ जावं म्हणून तो आवेगानं उठला तो थेट मधल्या फाट्यावर डोकं आपटून परत खाली बसला.

‘अरे सांभाळून,’ सासरे म्हणाले, ‘साल निघेल तिची.’